हंसराजाच्या मुळाशी

देठाचं टोक आत वळलेलं होतं, तान्ह्याच्या मुठीसारखं, आणि नीलाबाईंनी बोटानं नुसतं शिवलं तर ते गळून पडलं — काळं, मऊ, कुजलेलं.

हे टोक उलगडायला हवं होतं. हंसराजाचा नेचा असाच उगवतो म्हणे, आधी गुंडाळी, मग पान... अश्लेषानंच सांगितलं होतं. मुरुमच्या माहेरच्या विहिरीतल्या कपारीतून तिनं ही रोपं आणली तेव्हा तिचे सासरे, तात्या, हसले होते, "कळंबच्या उन्हात? पापड होईल त्याचा." पण घर आणि कुंपणाची भिंत यांच्यामधल्या बोळात ऊन पोचतच नाही, तिथं दोन उन्हाळे काढले त्यानं, काळ्या चकचकीत देठांवर हिरवी झालर धरून. "लई चिवट असतो, आई," सून म्हणायची. "सावली आणि नुसतं पाणी. बाकी काही नको त्याला."

आता तीच मुरुमला जाऊन बसली होती. दुसऱ्यांदा गर्भ पडून पोट रिकामं झालं तेव्हा, थोडे दिवस जाऊन येते म्हणाली... थोडे दिवस म्हणता म्हणता दिवाळी गेली, संक्रांत गेली. आज सकाळी कोर्टात कामाला निघालेला शौनक चपला घालता घालता सांगून गेला, "आई, अश्लेषानं हंसराजाचा फोटो मागितलाय. काढून ठेव गं." किती दिवसांनी मुलाच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं होतं — इथलं काही मागितलं, म्हणजे इथलं काही तिला अजून हवंय.

आणि हा असा फोटो पाठवायचा? बघेल आणि म्हणेल, तिथं माझं झाडसुद्धा जगत नाही...

पण मी कुठं कमी पडले? ती गेली तेव्हापासून रोज पिंडीवर दुधामधाचा अभिषेक, तापातसुद्धा खाडा नाही. ती घरी यावी, तिची ओटी भरावी, एवढंच मागणं. अभिषेकाचं पाणी मोरीत टाकायचं नाही, पायदळी जाऊ द्यायचं नाही. तुळशीला घालत होते तर तिथं मुंग्या लागल्या, म्हणून बोळात, जिथं कुणाचा पाय पडत नाही तिथं — तिच्याच नवसाचं तीर्थ, तिच्याच झाडाला. याहून चांगलं काय होतं?

नीलाबाईंनी माती उकरली. बोटाला चिकटली. नाकाशी नेली तर नासलेल्या दुधाचा वास — आंबट, गोडसर.

"जुना हिरवा फोटो दे की पाठवून," मागून तात्या म्हणाले. "तिला तिकडं काय कळतंय?"

"देवाच्या पाण्यानं झाड घालवलं, आता वर खोटं बोलू?"

"मग सांग, तीर्थ बाधलं त्याला." तात्या हसले, नीलाबाईंचा चेहरा बघून थांबले. "अगं, गंमत केली," म्हणत आत गेले.

दुपारी अश्लेषाचाच फोन आला.

"हंसराज कसाय, आई?"

"तुझी वाट बघतोय," नीलाबाई म्हणून गेल्या. नेहमीच्या मऊ आवाजात, मायेनं.

पलीकडं कुणीतरी भांडी लावत होतं.

"असं नका ना म्हणू." आवाज बारीक झाला होता. "तुम्ही असं म्हणलं की मला श्वासच घेता येत नाही, आई."

डिंकाचे लाडू, सोमवारचा उपास, कपाळाला अंगारा, दंडाला दोरा... सगळं तिनं मान खाली घालून घेतलं होतं. किती गुणी, असंच वाटायचं मला. पुरे, हा शब्द तिच्या तोंडी कधी ऐकलाच नाही — की मी थांबलेच नाही, तो ऐकायला...

"कुजलाय गं तो," नीलाबाई म्हणाल्या. "मीच दूध घालत होते. अभिषेकाचं."

मग, "बरं." आणि, "ठेवते, आई."

त्या 'बरं'मध्ये काय होतं, हे त्या दिवेलागणीपर्यंत शोधत राहिल्या. राग असता तरी बरं वाटलं असतं.

निरांजन लावून त्या बसल्या, हात जोडले. डोळे मिटले की रोज अश्लेषा उंबऱ्यात उभी दिसायची, हातात बॅग, डोक्यावर पदर. आज दिसली ती माहेरच्या अंगणात, पाठमोरी, ओले केस मोकळे सोडून बसलेली. कुणाशी तरी बोलत होती, हसतही असावी. हाक मारावी म्हणून नाव ओठापर्यंत आलं... आणि ती वळून बघेल, तिचं हसू मावळेल, या विचारानंच नीलाबाईंना भीती वाटली. हाक त्यांनी मारली नाही. देवापुढं काय मागायचं, हे त्यांना आज ठाऊक नव्हतं.