हुजुरांचा फुगा

थोरल्या जावेला धाकटीचा हेवा वाटायचा. असातसा नव्हे, चांगला मुरलेला हेवा. धाकटीनं नवे बूट घेतले की ते थोरलीला चावायचे. धाकटीला कुणी हसून नमस्कार केला की थोरलीचं जेवण त्या दिवशी अळणी. तोंडावर मात्र काही दिसू द्यायची नाही हं! तोंडावर आपली तीच, 'ये गं, चहा घेतेस का?'

खाली छापखाना आणि वर घर, असा त्यांचा संसार. छापखाना थोरलीच्या नवऱ्याचा. त्याचा भाऊ, म्हणजे धाकटीचा नवरा, पुस्तकांचे गठ्ठे घेऊन गावोगाव फिरायचा. सासूबाई कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून छापलेल्या कागदांच्या घड्या घालायच्या आणि घालता घालता सगळं वाचायच्या. धाकटी येईपर्यंत तिथं औषधांच्या बाटल्यांची लेबलं आणि दुकानांच्या पावत्या छापल्या जात. अक्षर सगळं थोरलीचं. 'वहिनींचं अक्षर म्हणजे मोती,' असं गिऱ्हाईक म्हणायचं, आणि त्या एका वाक्यावर बाई महिनाभर खूश असायची.

मग धाकटी आली आणि तिच्याबरोबर तिची पेन्सिल आली. तिनं चित्रकथा काढली. पहिलंच पुस्तक हातोहात खपलं, तेव्हापासून लेबलं गेली बाराच्या भावात. खिडकीजवळचं टेबल धाकटीला मिळालं, कारण चित्राला उजेड लागतो म्हणे. थोरलीचं टेबल सरकलं कागदाच्या रिमांमागे. अक्षरांना जणू उजेड लागतच नाही! तेव्हापासून तिचं काम एकच. चित्रातली माणसं बोलतात ना, त्यांच्या तोंडाशी फुगे असतात, त्या फुग्यांत शब्द भरायचे. धाकटी फुग्यात पेन्सिलनं पुसट लिहून द्यायची, थोरलीनं त्यावरून टाकानं शाई फिरवायची आणि शाई वाळली की रबरानं पेन्सिल खोडायची. नवरा लाडानं तिला 'फुगेवाली' म्हणायला लागला. त्याला वाटायचं, लाडच आहे.

चित्रकथेचं नाव 'चौक'. त्यातल्या शहरात कुणाचं काही चुकलं की शिक्षा भर चौकात, सगळ्यांदेखत. गर्दीनं हात वर केले की फटके. कुणी भलत्या वेळी हसलं, फटके. कुणी टाळी उशिरा वाजवली, फटके. आणि वर गॅलरीत उभे असायचे हुजूर. शहराचे प्रमुख. सोन्याची बटणं, छातीभर पदकं, भिंतीभिंतीवर तसबीर, आणि शब्दाला किंमत शून्य! बिचाऱ्यांना दया यायची, ते तोंड उघडायचे, 'मला असं वाटतं की...' आणि तेवढ्यात बँड वाजायचा. त्यांच्या फुग्यावर बँडवाल्याचा 'ढ्यांग' येऊन बसायचा. वाचणारे पोट धरून हसायचे, आणि पान उलटताना त्यांना वाईटही वाटायचं.

आता खरं सांगायचं तर हुजुरांचं ते केविलवाणेपण निम्मं थोरलीच्या हातचं होतं. गर्दीची अक्षरं ती जाडजूड, अंगावर येणारी काढायची. हुजुरांची बारीक आणि किंचित थरथरती, जणू बोलणारा आधीच माफी मागतोय. हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. आणि हे कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. लोक म्हणायचे, "काय चित्र काढते हो तुमची धाकटी! हुजुरांचा आवाज कानात ऐकू येतो!" आवाज चित्राला असतो होय? थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात जायची. पण बोलणार कुणापुढं?

एकदा धीर करून ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, कव्हरवर खाली कुठंतरी माझंही नाव घाला ना. बारीक असलं तरी चालेल."

"अगं, गर्दी होते कव्हरवर," तो मशीनला तेल घालता घालता म्हणाला. "चित्र दबतं."

धाकटी तिथंच बसली होती. पेन्सिलीला टोक करत होती. तिनं एक शब्द काढला नाही. नवऱ्याचं नाही म्हणणं थोरली विसरली असती, नवरे म्हणतातच. धाकटीचं ते गप्प बसणं मात्र तिच्या डोळ्यांत कुसळासारखं राहिलं.

शेवटी एकदाचं 'चौक' संपवायचं ठरलं. शेवटच्या पुस्तकात एक रंगारीण होती. कापड रंगवणारी, दांडगी, हसरी बाई. तिनं हुजुरांच्या पुतळ्याला निळा रंग फासला म्हणून तिला चौकात खांबाला बांधलेलं. आणि शेवटचं पान म्हणजे अख्खं एकच चित्र. चाबूकवाल्याचा हात हवेत, गर्दीचे हात हवेत, आणि गॅलरीत हुजूर, प्रथमच कठड्यावरून अर्धे बाहेर वाकलेले, तोंड आ वासलेलं. त्यांच्या तोंडाशी भला मोठा फुगा. इतक्या पुस्तकांत पहिल्यांदा त्या फुग्यावर कुणाचा ढ्यांग नाही. फुग्यात धाकटीनं पुसट लिहिलं होतं: 'सोडा तिला! माझा हुकूम!' आणि तिथं गोष्ट संपणार होती. हवेतले हात हवेतच, रंगारीण वाचली.

सासूबाईंनी लांबूनच पान पाहिलं, पुसट पेन्सिल काही त्यांना दिसली नाही, पण डोळ्यांना रुमाल लावला. "पोरीच्या हातात जादू आहे गं!"

थोरलीनं पान पाहिलं आणि, हेवा बाजूला ठेवून, पुन्हा एकदा पाहिलं. ही एक ओळ आपली, असं तिनं मनाशी ठरवलं. आयुष्यभर थरथरणारा माणूस पहिल्यांदा ओरडतो, तेव्हा त्याचं अक्षर कसं असेल? तिनं रद्दी कागदावर लिहून पाहिलं. 'सो' बारीक, मग जाड होत जाणारं, 'हुकूम'च्या मकारापाशी टाक जवळजवळ मोडायला आलेला. तीन दिवस तिचं तेच चाललं होतं. भाजी करपली, दूध उतू गेलं, पण ती ओळ हळूहळू जमत चालली होती. ती धाकटीला दाखवावी असं तिच्या मनात आलं, बघा! म्हणजे बाई वाईट नव्हती हो.

ती रद्दीचा कागद घेऊन उठली, तेवढ्यात धाकटीच अंगात कोट चढवत आली. तिला माहेरी जायचं होतं आठवड्याभरासाठी, गाडी गाठायची होती.

"ताई, तेवढं शेवटचं पान भरून टाका ना. छपाईची प्लेट आज करायचीय म्हणतात दादा."

"हो, मी तेच बघत होते. अक्षर जरा वेगळं..."

"अहो त्यात काय ताई! चारच तर शब्द आहेत."

आणि गेली. दार लावून, जिना उतरून गेलीसुद्धा.

चारच तर शब्द! थोरलीनं हातातला कागद पाहिला. दोन्ही बाजूंनी 'हुकूम' 'हुकूम' 'हुकूम' लिहिलेला. तिच्या कानशिलातून वाफा निघायला लागल्या. "त्यात काय?" ती रिकाम्या खोलीला म्हणाली. "त्यात काय, होय गं? बघच आता त्यात काय ते."

तिनं टाक उचललाच नाही. रबर उचललं. पेन्सिलीची ती पुसट ओळ खोडून काढली, पार दिसेनाशी होईपर्यंत, रबराचे कण झाडून टाकले आणि पान नवऱ्याच्या हातात दिलं. नवऱ्यानं चित्र पाहिलं, "वा!" म्हणाला आणि खाली घेऊन गेला. त्यानं फुग्याकडं बघितलं असतं तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण फुग्याकडं बघतो कोण?

तिचा हिशेब सरळ होता. पुस्तक बाहेर पडेल, शेवटच्या पानाला भलं मोठं भोक असेल, लोक नावं ठेवतील, आणि मग सगळ्यांना कळेल की अक्षरांशिवाय नुसती चित्रं म्हणजे काय असतं. धाकटीनं विचारलं तर उत्तर तयार होतं: 'तू लिहिलंच नव्हतंस गं, मला वाटलं तसंच ठेवायचंय.'

धाकटी परत आली तेव्हा पुस्तकं दुकानांत गेली होती. तिनं एक प्रत उघडली आणि शेवटच्या पानावर थांबली. मग फळीवरचं मूळ पान काढलं, खिडकीशी नेलं आणि उजेडात तिरकं धरलं. खोडलेल्या जागी कागद जरा खरखरीत होतोच. तिनं त्यावरून बोट फिरवलं. थोरली श्वास रोखून उभी. आता भांडण होणार, आता होणार! पण धाकटीनं पान परत फळीवर ठेवलं आणि हात धुवायला गेली. तिनं काही विचारलंच नाही, त्यामुळे थोरलीचं तयार उत्तर तसंच राहिलं.

आणि पुढं काय झालं म्हणता? लोक वेडे झाले!

हात हवेत, चाबूक हवेत, हुजुरांचं तोंड उघडं, एकदाचा बँडही गप्प, सगळं शहर त्यांच्या शब्दाची वाट बघतंय, आणि शब्दच नाही. सासूबाईंनी पुस्तक मिटलं आणि त्या हुंदके द्यायला लागल्या. "मेल्याच्या तोंडून आतासुद्धा शब्द फुटला नाही गं! मेली ती रंगारीण!" दुकानात, बसथांब्यावर, न्हाव्याच्या खुर्चीत तोच विषय. कुणी हुजुरांना शिव्या देत होतं, कुणी रडत होतं. पुस्तक पुन्हा छापायला घेतलं. आणि जो तो म्हणत होता, "तो रिकामा फुगा! काय डोकं आहे तुमच्या धाकटीचं!"

धाकटीचं!

आता थोरलीच्या जळफळाटाची कल्पना करा. आजवर तिनं दुसरीच्या कामाचा हेवा केला होता. आता तिला हेवा वाटत होता तो स्वतःच्याच दुष्टाव्याचा, आणि तोही धाकटीच्या पदरात पडलेला! 'अरे, तो फुगा माझा! मी खोडला!' असं रस्त्यात उभं राहून ओरडावं असं तिला वाटायचं. पण ओरडणार कशी? श्रेय मागायचं तर गुन्हा सांगावा लागणार. भाजीवालीसुद्धा तिला म्हणाली, "जावेचा हात धरून ठेवा हं ताई, मोठी बाई आहे." थोरलीनं भाजी न घेताच पिशवी उचलली आणि घरी आली.

मग वाचनालयानं सभागृहात कार्यक्रम ठेवला. खुर्च्या पुरल्या नाहीत, लोक भिंतीला टेकून उभे. घरची मंडळी पहिल्या रांगेत. धाकटी मंचावर गेली, टाळ्या झाल्या. थोरलीनंही वाजवल्या, इतरांपेक्षा जरा उशिरानं.

"सगळे मला त्या फुग्याबद्दल विचारतात," धाकटी माइकवर म्हणाली. "तो फुगा माझा नाही. मी त्यात शब्द लिहिले होते. रंगारीण वाचणार होती. माझ्या ताईंनी, माझ्या थोरल्या जाऊबाईंनी ते शब्द ठेवले नाहीत. हुजूर बोलूच शकणार नाहीत, हे त्यांना कळलं. या पुस्तकांतलं प्रत्येक अक्षर त्यांचं आहे. मी गप्प बसायला नको होतं, पण बसले. पुढच्या छपाईत कव्हरवर त्यांचं नाव माझ्या नावाच्या वर असेल. ताई, वर या ना."

सभागृह टाळ्यांनी दणाणलं. नवरा आनंदानं उठून उभाच राहिला. "जा की फुगेवाले!" तो म्हणाला, आणि सासूबाईंनी मागून ढकललं. थोरलीला पायऱ्या कशा चढल्या ते कळलं नाही. नाव! कव्हरवर! वर! इतकी वर्षं जे हवं होतं ते असं ताटात वाढून समोर आलं होतं, आणि तिला एक घास उचलवत नव्हता.

"हे सुचलं कसं, ते सांगा!" मागून कुणीतरी ओरडलं.

"सांगा! सांगा!" सगळेच ओरडायला लागले. तिला बोलतं करायला हात वर झाले, शेकडो हात.

धाकटी माइक तिच्या हातात द्यायला जवळ आली. जवळ म्हणजे अगदी कानाशी. ती हसत होती, पण डोळे हसत नव्हते. त्या डोळ्यांत राग होता आणि रडूही होतं. हळूच, फक्त थोरलीला ऐकू जाईल इतक्याच आवाजात, ती म्हणाली, "बोला ना ताई. चारच तर शब्द आहेत."

थोरलीनं मनात मोजले. मी ते मुद्दाम खोडलं. खरंच चारच होते. धाकटी बाजूला झाली आणि हात बांधून वाट बघत उभी राहिली. थोरलीनं माइक तोंडाशी नेला. तोंड उघडलं. सगळं सभागृह चिडीचूप झालं, हात हवेतच राहिले. तिच्या जिभेवर 'मी' आला, ओठांपर्यंत आला, आणि तिथंच अडकला. ती नुसतीच आ वासून उभी. माइकमधून फक्त तिचा श्वास.

मग पहिल्या रांगेतून नवऱ्याचाच आवाज आला. "अगदी हुजूर! हुबेहूब हुजूर!"

लोकांना वाटलं, बाई करून दाखवतेय. आणि मग जी टाळी पडली ती काही थांबेना. लोक उभे राहिले, खुर्च्या सरकल्या, सासूबाईंनी डोळ्यांना रुमाल लावला. थोरलीचं तोंड अजून उघडंच होतं. मग धाकटीनं तिच्या हातातून माइक काढून घेतला आणि म्हणाली, "बसा आता, ताई."