मुळासकट पानकोबी

संक्रांतीले येतो म्हणून गेली, संक्रांत होऊन आठ दिवस झाले, तरी सुलोचनेचा पत्ता नाई. माझी एकुलती एक लेक, मागच्या उन्हाळ्यात लगन करून गिरड गावाले दिली. दिवाळीत आली तेव्हा तिनंच परसात, न्हाणीच्या पाण्यावर, पानकोबीची रोपं लावली. जाताना म्हणे, "माय, पयला गड्डा मीच कापीन. तू हात नको लावजो."

आता गड्डे असे घट्ट झाले का अंगठा रुतत नव्हता. अन् इकडं ना लेक, ना चिठ्ठी. मी दिवसातून दहादा परसात जाऊन गड्डे दाबून पाहत होती. जिवाले चैनच नाई.

"कापून टाक ना वं," आमचे हे म्हणाले. "तडकले का गाईपुढंच टाका लागतीन."

"खबरदार! लेक येऊन राह्यली."

शेजारच्या बंडूजीनं तोड सांगितली. झाड धरून अर्धं पिरगळाचं, बारकी मुळं तुटतात, मंग गड्डा फुगत नाई, आठ दिवस टिकते. मी पिरगळलं. आठ दिवसांनी पुन्हा पिरगळलं. तिसऱ्यांदा झाड मुळासकट हातात आलं.

मले रडूच आलं. पोरीले कोणी येऊ देऊन नाई राह्यलं हे मले कवाचंच कळलं होतं, अन् मी मूर्ख बाई कोबी पिरगळत बसली!

"गिरडले चालली मी," म्हटलं.

"येडी झाली का? नातू होईस्तोर लेकीच्या घरचं पाणीसुदिक पेत नाई आपल्यात!"

"तुमी नका पेऊ."

झाड तसंच पिशवीत घातलं. वर्ध्याले बस बदलून दुपारी पोचली. विहीणबाई दारातच आडव्या.

"काऊन आल्या? बोलावलं तं नवतं."

"लेकीले न्यायले."

"कापूस वेचाचा हाय अजून. बाया भेटत नाईत."

तेवढ्यात सुलोचना बाहेर आली. बोंडांनी बोटं चिरलेली, डोळे खोल गेलेले. तिनं पिशवीतल्या पानकोबीवरून हात फिरवला. आत जाऊन तिनं पाण्याचा लोटा आणला अन् मधातच थबकली. माय पाणी पेणार नाई, हे तिले आठवलं.

मी तिच्या हातून लोटा घेतला. विहीणबाईकडं पाहत घटाघटा सारा रिकामा केला.

"सुलोचना, लुगडी भर," म्हटलं. "पयला गड्डा तुलेच कापाचा हाय."