मरळीच्या अंगावरचं चिकट

त्र्याण्णव सालचा पौष. घनसावंगीकडच्या त्या गावतळ्यात मासे जखमा घेऊन वर येऊ लागले. आधी अंगावर लाल ठिपका, मग बोट जाईल एवढं भगदाड. पुंजाराम भोई रोज सकाळी मेलेले मासे पाटीत भरायचा आणि लांब खड्ड्यात पुरायचा. शेवटी त्यानं सात धडधाकट मरळी निवडल्या आणि घराजवळच्या हौदात, विहिरीच्या पाण्यात सोडल्या.

"एवढ्या जगल्या तर तळं पुन्हा नांदंल," तो बायकोला म्हणाला. "गोजर, नजर ठीव."

गोजरबाईनं नजर ठेवली, आणि हातही लावला. माहेरी पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे तीच मळायची, हळद आणि तूप लावून. हात तोच, माया तीच. एकेक मरळ तिनं मांडीवर घेतली, जुन्या लुगड्याच्या कोरड्या धडप्यानं अंगावरचं चिकट पुसून लख्ख केलं आणि वर हळद चोळली.

हळद लाविते गं बाई, माझ्या तळ्यातल्या लेकी,
इडापिडा जावो तुझी, गंगेपल्याड एकाएकी.

चौथ्या दिवशी दोन मरळी उलट्या झाल्या. धडपा जिथं जोरात फिरला होता, तिथंच लाल झालं होतं.

"काय केलंस गं?" पुंजाराम ओरडला.

"काय केलं म्हंजी? किती चिकट झाल्त्या! पुसल्या."

"चिकट कालवणाच्या टायमाला काढत्यात, येडे! जित्या माशाला कोण पुसतं?"

शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या सत्यशीलाबाई पाणी न्यायला आल्या होत्या. घागर खाली ठेवून त्या हौदावर वाकल्या.

"मावशी, ते चिकट म्हणजे घाण न्हाई. त्यात जंतू अडकतात, मरतात. कोणता रोग हाय हे विचारत बसत न्हाई ते, येईल त्याला अडवतं. त्यातूनही कुणी आत घुसलंच, तर रक्तातले राखणदार धावून येतात अन् त्याला गिळतात."

"मंग गिळंनात का?"

"थंडीत माशाचं रक्तबी थंड पडतं. राखणदार हळू चालतात. म्हणून बाहेरचं दार धड पाहिजे."

"अन् दार म्या काढून टाकलं," गोजरबाई म्हणाली.

पुंजाराम रागानं आला होता, पण हे ऐकून तो उगाच जाळ्याच्या गाठी बघू लागला.

"पुन्हा येतं का हो बाई ते चिकट?" गोजरबाईनं विचारलं.

"येतं. त्यांच्याच कातडीतनं पाझरतं. पण आता हात लावायचा न्हाई. बिलकुल न्हाई."

आठवड्यात आणखी दोघी गेल्या. पुंजारामनं त्यांना ओल्या जाळीनं, बाकीच्यांना धक्का न लावता अलगद काढलं. तीन उरल्या. त्यातल्या सगळ्यात मोठीच्या पाठीवर सकाळच्या उन्हात पांढुरकी साय दिसली.

"चिकट पुन्हा यायला लागलं का गं? का बुरशी?" पुंजारामनं विचारलं.

"काय म्हाईत."

"बोट लावून बघ. निसटलं तर चिकट, कापसासारखं लागलं तर बुरशी."

गोजरबाईचा हात पाण्याकडे गेला. बोटांवर हळदीचा पिवळा रंग अजून होता. तिनं हात मागं ओढला, दोन्ही पंजे काखेत दाबले आणि हौदाच्या काठावर बसून राहिली. मरळ वर आली, हवेचा एक घोट घेतला आणि पाठ वळवून खाली गेली. तळाचं पाणी गढूळ होतं. पाठीवरचं पांढरं पसरलंय की तेवढंच आहे, ते दिसेना.