लेपालक

लेपालक हा शब्द आमच्या घरात कुणी काढला, की मी त्याला चहासुद्धा विचारत नसे. म्हणे घेऊन पाळलेली! लेक काय शेळी आहे? सोनईतल्या शेजारणी दत्तक म्हणत, तेही मला खपत नसे. अलफिया सव्वा महिन्याची असताना मी तिला पुणतांब्याहून आणली. तिची आई बाळंतपणात गेली होती, आणि बाप आसिफ, माझ्या नवऱ्याचा मामेभाऊ, वर्षभरात गेला. तिला हे कळू नये म्हणून बावीस वर्षं मी जीव मुठीत धरून काढली.

तिच्या निकाहाच्या दिवशी काझीसाहेबांनी फॉर्म पुढे ओढला. "मुलीच्या वालिदचं नाव?"

"सत्तार," मीच दाराआडून ह्यांचं नाव सांगितलं.

काझीसाहेबांना सगळं ठाऊक होतं. "वाढवल्याचा सवाब अल्ला देईल," ते म्हणाले. "पण इथं जन्मदात्याचंच नाव घ्यावं लागतं."

आमच्यात वकील दोन साक्षीदार घेऊन नवरीकडे जातो, तिच्या बापाचं नाव घेऊन मोठ्यानं विचारतो, निकाह कबूल आहे का. आणि वकील हेच होते.

"तुमी नका जाऊ," मी ह्यांचा हात धरला. "दुसरा वकील करा."

"मेहताब, दुसऱ्याच्या तोंडून ऐकू दे व्हय तिला?" असं म्हणून हे आत गेले.

अलफिया ओढणीखाली मान घालून बसली होती. "अलफिया, बेटी..." एवढं म्हणून हे अडकले. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. मला वाटलं, संपलं. ही आता पुन्हा मला अम्मी म्हणायची नाही.

ओढणी हलली.

"आसिफची म्हना, अब्बा. सातवीत असल्यापासनं ठाऊक हाय मला."

"मंग बोलली का न्हाईस?" मी ओरडलेच.

"भ्याले, अम्मी. वाटायचं, कळलंय म्हनलं तर तुमी मला परत धाडाल."

मी मेली तिला वाचवत होते! दहा वर्षं पोर माझ्याच घरात परक्यासारखी भीत राहिली.

"नाव त्यांचं घ्या, अब्बा," ती म्हणाली. "पन विचारा तुमीच. दुसऱ्या कुनी विचारलं तर मी कबूल म्हननार न्हाई."