गुलाबावरची भुरी

कुशाबाच्या दोन्ही हातांवर कोड होतं. आधी मनगटाजवळ पैशाएवढा डाग आला, मग तो पसरत बोटांपर्यंत उतरला, आणि आता लांबून पाहणाऱ्याला वाटे, म्हाताऱ्याने पिठात हात बुडवलेत. दुखत नव्हतं, खाजत नव्हतं. तुडील गावच्या लोकांनीही त्याचा बाऊ केला नव्हता. पंक्तीला त्याच्या शेजारी बसत, त्याच्या चिलमीचा झुरका घेत. सून तुळसा कधी काही बोलली नव्हती, आणि तिची लहानगी बनू तर आजाच्या मांडीवर बसूनच जेवायची.

घोटाळा केला तो गुलाबाने.

तुळसाचा नवरा रावजी मुंबईला गिरणीत होता. दिवाळीला येताना त्याने गुलाबाचं रोप आणलं, बोटीने दासगावपर्यंत मांडीवर धरून. घासलेटच्या जुन्या डब्यात ते लावलं आणि शेळ्यांच्या तोंडी पडू नये म्हणून कुशाबाच्या खोलीत खिडकीशी ठेवलं. म्हाताऱ्याला दुसरा उद्योग नव्हता. तो पानं पुसायचा, तिन्हीसांजेला वरून पाणी शिंपडायचा, कोणी नसलं की त्याच्याशी बोलायचासुद्धा.

भात झोडून झालं, पेंढा घराला लावून रचला, आणि पौषाच्या थंडीत पानांवर पांढरे ठिपके दिसू लागले. ठिपक्यांचे डाग झाले. कोवळी पानं मुडपली, एक कळी आली तीही उमलेना. शेजारची ठकूबाई विस्तव मागायला आली होती. तिची नजर आधी डब्यावर गेली, मग कुशाबाच्या हातांवर.

"गो तुळसा, हे बघ गो! म्हाताऱ्याचं कोड झाडाला लागलं!"

"काय तरीच काय बोलतेस, काकी."

"मी कुठं बोलते? झाड बोलतंय. झाडाला लागतं नि तुझ्या पोरीला नाय लागायचं? उद्या तिला उजवायची हाय तुला."

त्या दिवसापासून बनू चुलीपाशी जेवू लागली. कुशाबाचं ताट खोलीत यायचं. ठेवताना तुळसा त्याच्याकडे बघत नसे. तिचा त्याला राग आला नाही. ठकूबाईचं म्हणणं सगळ्यांत आधी त्यालाच पटलं होतं. बनू दाराशी आली की तो हात घोंगडीखाली घेई आणि म्हणे, "जा गो, आयकडं जा."

"का, आजा?"

तो तोंड खिडकीकडे फिरवी.

एका सकाळी त्याने सहज एका पानावरून अंगठा फिरवला. पांढरं अंगठ्याला आलं आणि खालून पान हिरवंगार निघालं. कुशाबाने अंगठा डोळ्यांजवळ नेला. आपल्या हातांना त्याने राख चोळली होती, लिंबू चोळलं होतं, सवच्या गरम पाण्याच्या कुंडात ते वर्षानुवर्षं बुडवून ठेवले होते. खरजेची माणसं तिथून बरी होऊन जात, त्याचा डाग मात्र कणभर हलला नव्हता. हे पानावरचं वरवरचं दिसतं. मग खरजेसारखं त्याला गंधकच का लावू नये?

तो महाडला पेठेत गेला. काष्ठौषधींचा दुकानदार कोंडाजी पुडी बांधत म्हणाला, "खरूज कुणाला?"

"झाडाला."

कोंडाजी हसत सुटला. "रात्रभर खाजवतंय का रे झाड?" पण कुशाबाने सगळं सांगितल्यावर तो म्हणाला, "अरे, ही भुरी. देशावर द्राक्षाचे मळेवाले याच्यासाठीच गंधक नेतात. कोंदट जागा, ऊन नाही, वारा नाही, मग येते ती."

कुशाबा घरी निघाला तो थोडा हलका होऊन. पण वाटेतच मन पुन्हा माघारी फिरलं. कोंडाजी कधी तुडीलला आलाय? त्याने हे पान पाहिलंय कुठे? दुसऱ्याच्या तोंडच्या शब्दावर पोरीला मांडीवर घ्यायचं? त्याने मनाशी ठरवलं, नवी पानं निर्मळ आली तर ठीक. त्यांच्यावरही पांढरं चढलं तर शेतावरच्या खोपटात जाऊन राहायचं, या घरात पुन्हा पाऊल टाकायचं नाही.

खिडकीबाहेर रचलेला पेंढा त्याने एकट्याने उपसून दुसरीकडे नेला. खोलीत ऊन आलं तेव्हा त्याला कळलं, आपणही किती दिवस अंधारात बसलो होतो. भुरकटलेली पानं आणि ती मुकी कळी खुडून त्याने चुलीत टाकली. पाणी आता फक्त बुडाशी, तेही सकाळी. गंधक पातळ फडक्यात बांधून, ऊन चढायच्या आत, पानांच्या वरून-खालून हलकेच झटकायचा. दुपारच्या उन्हात पानं करपतील अशी त्याला धास्ती होती.

आणि हात? हात न लावता झाड सुधारलं तर मनातला काटा तसाच राहणार होता. म्हणून तांबूस कोंब फुटल्यावर तो रोज प्रत्येक पान त्या पांढऱ्या बोटांत धरी.

पानं मोठी झाली, हिरवी झाली, तुकतुकीत राहिली. शिमग्याच्या आधी कळी धरली. ताट ठेवून तुळसा तिथेच थांबली.

"मामंजी, याला हात लावता तुम्ही?"

"रोज लावतो. गंधक मारलं, खिडकी मोकळी केली. हात मात्र हेच."

तुळसा पान उलटंपालटं करून पाहू लागली. तेवढ्यात तिच्या पाठीमागून बनू आत शिरली आणि थेट आजाच्या मांडीवर चढली. कुशाबाचे हात सवयीने घोंगडीकडे गेले, पण बनूने एक हात ओढून घेतला आणि पान पुसावं तसा अंगठ्याने जोर लावून पुसला.

"आजा, हे नाय जात."

"नाय जायचं गो ते."

"बरं," म्हणून ती ताटातल्या भाताकडे वळली.

कुशाबाने मान वर केली नाही. सून आता पोरीला उचलणार, याची तो वाट पाहत होता.

"बनू," तुळसा म्हणाली, "नीट बस. गुलाबाचा काटा लागंल."