वळणावरचा पाटा

चौक गावाहून कर्जतकडे येणारा रस्ता इंदूबाईच्या दाराशी आला की उगाच पोट आत घेऊन वळतो. पुजारी येसाजी सांगतो, देवीनं आखणीवाल्याचा हात धरला. खरं कारण म्हणजे इंदूबाईचा फुटका पाटा.

चाळीस वर्षांमागं बैलगाडीच्या वाटेवर खडी पडायची होती, अन् चुन्याची रेघ नेमकी तिच्या चुलीवरनं गेली. बाईनं भर दुपारी मसाल्याचा पाटा अंगणाच्या कडेला उभा पुरला, टाकीनं ठोकून ठिपके पाडलेली वाटायची बाजू बांधात दाबून. पुढं शेंदूर फासला अन् सांगत सुटली, देवी वाघावर बसून आली, वाघ दमला म्हणून इथंच उतरली. रेघ वळली. पुढं डांबर आलं, टेंपोवाले नारळ फोडू लागले, येसाजीनं वर पत्रा टाकला.

आता रस्ता चौपदरी व्हायचाय. देवी हलवायची नाही असं गावानं लिहून दिलं. म्हणून दोन पदर देवीच्या पुढनं, दोन मागनं. मागं इंदूबाईचं घर. मोजणीवाल्या राजेशनं भिंतीवर लाल फुली मारली. सोमवारी जेसीबी येणार.

इंदूबाईनं ग्रामपंचायतीत जाऊन सगळं कबूल केलं. पाटा काढा, समोरच्या पडीक जागेतनं रस्ता न्या, म्हणून हात जोडले. लोक हसले.

"काकू," येसाजी म्हणाला, "तुझा सासरा मगरीवर बसून उल्हास नदी उतरला असं तूच सांगायचीस, ते खरं का हे खरं?"

"ती थाप होती रं. ही पण थापच. पण मारली मीच, हे खरं हाय."

राजेशला दया आली. पुरावा दाखवा, साहेबांशी बोलतो, म्हणाला.

सोमवारी सकाळी जेसीबी धडधडत उभा असताना बाईनं पहारीनं पाटा उपटला. येसाजी धावला, तोवर पाटा उलटा पडला होता. पाठीवर टाकीचे ठिपके, मधोमध मिरची वाटून पडलेला खोलगा.

"बघ," ती राजेशला म्हणाली. "अजून मिरची वाटून दाखवू?"

बायकांनी पाटा ओळखलाच असणार. एकीनं दुसरीकडं पाहिलंसुद्धा. पण येसाजीनं चपला काढल्या. "पाठीवर नक्षत्रं हायेत," तो हळूच म्हणाला, अन् बायका वाकल्या. एवढी माणसं वाकलेली पाहून राजेशनं साहेबांना लिहायला काढलेला कागद घडी करून खिशात घातला.

पाटा पुन्हा उभा राहिला, या खेपेला ठिपके पुढं करून. जेसीबीच्या दातांना हळदकुंकू लागलं. ड्रायव्हर उतरून पाया पडला, वर चढला अन् यंत्र घराकडं वळवलं.

इंदूबाई भांडी काढायला गेली नाही. पाट्यासमोर बसली, त्या मिरचीच्या खोलग्यात कपाळ टेकलं.

"बये, चाळीस वर्षांत तुझ्याकडं काय मागितलं नाय," ती म्हणाली. "आज एकडाव खरी हो."