चांगल्या बातमीचा फोन

मित्रांनो, करड्या रंगाची, एका कोपऱ्यावर खरचटलेली, पावाच्या डब्याएवढी मी एक जुनी पेटी आहे. कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतातल्या एका मच्छीमार गावच्या इस्पितळात, प्रयोगशाळेच्या खिडकीशी माझी जागा. रुग्णाच्या नाकातून काडीवर घेतलेला नमुना माझ्या पोटात ठेवला, की आजार विषाणूचा की जिवाणूचा, याची खूण मी तासाभरात दाखवते. पूर्वी याच कामाला कित्येक दिवस लागायचे.

मी कारखान्यातून आले तेव्हा इथल्या तंत्रज्ञ मोइराबाईंनी सगळ्यांना ब्लूबेरीचा केक वाटला होता. साथीच्या काळात तर मला उसंत नव्हती. जो तो माझं नाव घ्यायचा. मग साथ ओसरली. काम चालू राहिलं, पण माझं ऐकणारं कुणी उरलं नाही.

न्यूमोनियाचा रुग्ण आला, की लगेच प्रतिजैविक सुरू होई. ते योग्यच, कारण जिवाणू असेल तर उशीर जिवावर बेततो. मागाहून माझं उत्तर संगणकात जाई. पण इथली रीत अशी, की निकाल धोक्याचा असेल तरच वॉर्डात फोन करायचा. ‘फक्त विषाणू’ या निकालाला फोन नाही. तो संगणकात पडून राही आणि विषाणूवर न चालणारं ते औषध शिरेतून चालूच राही.

गेल्या शरद ऋतूत लॉबस्टर धरणारे म्हातारे एल्डन झ्विकर न्यूमोनियाने दाखल झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची मुलगी ग्रेटा माझ्या खिडकीशी आली.

“मोइरा, बाबांचा निकाल आला का गं?”

“तो डॉक्टरांनी सांगायचा असतो, ग्रेटा.”

“आईच्या वेळीही हेच ऐकलं होतं.” ग्रेटाने आवाज चढवला नाही. हातमोज्यांची जोडी ती नीट जुळवत राहिली. “न्यूमोनिया बरा झाला तिचा. पण त्या औषधांनी आतड्यांची वाट लागली, त्यात गेली ती. विषाणूच होता म्हणे. तुमच्या संगणकात पहिल्या दिवसापासून लिहिलेलं होतं.”

मोइराबाईंनी माझ्या पडद्याकडे पाहिलं. मग वॉर्डात फोन लावला.

“काय झालं?” वॉर्डातले डॉक्टर कोमो दचकून एवढ्या मोठ्याने बोलले, की मलाही ऐकू आलं. “कुणाच्या रक्तात जंतू सापडले?”

“नाही, चांगली बातमी आहे.”

“चांगल्या बातमीला फोन? बरी आहेस ना?”

“मी ठणठणीत आहे. एल्डनकाकांचं बघा. विषाणू निघालाय, जिवाणू नाही. रक्ताच्या तपासणीतही तसं काही दिसत नाही. औषध चालूच आहे ना?”

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. “चालू आहे. पण पेटीच्या एका शब्दावर मी औषध थांबवत नाही हं.”

“नका थांबवू. शब्द ऐका तरी!”

डॉक्टरांनी एल्डनना पुन्हा तपासलं, एक्स-रे पाहिला आणि प्रतिजैविक बंद केलं. ताप वाढला तर पुन्हा सुरू करू, असं ग्रेटाला सांगितलं. ती वडिलांच्या कपाळाला हात लावून बसून राहिली. ताप वाढला नाही, उतरला.

घरी जाताना एल्डन माझ्यापाशी थांबले. “हीच का ती? माझ्या बोटीवरही समुद्राचा तळ दाखवणारं यंत्र आहे. खडक दाखवतं बिचारं, पण पडद्याकडे पाहिलंच नाही तर बोट फुटणारच!”

“बाबा, तुम्ही कधी बघता त्याच्याकडे? नुसत्या शिव्या घालता!” म्हणत ग्रेटा हसली.

“अगदी आईसारखी हसतेस,” मोइराबाई म्हणाल्या. ग्रेटाने मान हलवली आणि वडिलांचा हात धरला.

मित्रांनो, त्यानंतर इथे चांगल्या बातमीलाही फोन जाऊ लागला. परवाच एका बाईच्या नमुन्यात मला जिवाणू सापडला. तिचं औषध चालू ठेवलं आणि तीही सुधारते आहे.

उद्या माझ्या जागी नवी पेटी येईल. तिच्यावर धूळ बसू देऊ नका. आणि तिला प्रश्न विचारलात, तर उत्तर ऐकायला थांबा. वर वॉर्डात कुणीतरी कुणाच्या तरी कपाळावर हात ठेवून त्याच उत्तराची वाट पाहत असतं.